सरांच्या नोंदीतल्या पाच ओळी

९ जानेवारी

प्रिय ढब्बू,

पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला ढब्बू म्हणू नये, कळतं मला. पण 'प्रिय'च्या पुढे तुझं कागदोपत्री नाव लिहून पाहिलं तर पत्र बँकेतून आल्यासारखं दिसायला लागलं. तेव्हा सहन कर.

फोन तू उचलत नाहीस. घरचा पत्ता मला कुणी देत नाही. म्हणून शाळेच्या पत्त्यावर पाठवतेय. ग्रंथालय सांभाळणारा माणूस हातात आलेला कागद न वाचता फेकणार नाही, एवढ्या आशेवर.

आधी कामाचं. आमच्या चरित्रकोशाच्या सातव्या खंडाची सुधारित आवृत्ती निघतेय. एकतीस मार्चला पानं छापखान्यात जाणार. त्यातल्या तुझ्या सरांच्या नोंदीवरून आजही टपालात रोज दोन-तीन पत्रं येतात. चार वर्षं झाली, लोकांना कंटाळा कसा येत नाही कोण जाणे. निम्मी पत्रं म्हणतात, पंथाचा संस्थापक एक माणूस नव्हताच, वेगवेगळ्या काळांतल्या तिघांची आयुष्यं मागच्यांनी एकत्र शिवली, असं लिहिणाऱ्या इतिहासकाराला कोशात जागाच कशी दिलीत? उरलेली म्हणतात, ज्या एकाने धर्माचा इतिहास पुराव्याने लिहिला त्याच्यावर टीका छापायला लाज कशी वाटली नाही? दोन्हीकडच्यांचा सूर इतका सारखा असतो की पाकिटं बदलली तरी चालतील. मी सगळ्यांना एकच उत्तर पाठवते: आपल्या सूचनेची दखल घेतली आहे.

तुझ्याकडे काम आहे ते त्या पाच ओळींचं. आमच्या संपादकसाहेबांची शिस्त अशी की ज्या मजकुराबद्दल लिहायचं तो पत्रात उतरवायचा. तर घे:

'ग्रंथाचा मुख्य आधार असलेले हस्तलिखित ग्रंथकर्त्याने स्वतः कधीही पाहिले नव्हते, असे त्यांच्यासमवेत अकरा वर्षे काम केलेल्या सहायकाचे म्हणणे आहे.'

कोशाच्या अरुंद रकान्यात याच्या पाच ओळी होतात. तेवढ्यावरून तुझं काय झालं ते मला माहीत आहे. मला त्या काढायच्या आहेत. पण साहेब म्हणतात, ज्याचं म्हणणं छापलंय त्याचं लेखी आल्याशिवाय ते काढता येणार नाही. सोबत कागद टाइप करून पाठवतेय. खाली सही कर, बस.

आणि तेव्हाही सांगितलं होतं, आताही सांगते. तू मागाहून 'छापू नकोस' म्हणून फोन केलास तेव्हा पानं छापखान्यात गेली होती. माझ्या हातात काही उरलं नव्हतं.

गुडघ्याचं औषध घेतोस ना?

तुझी ताई


२ फेब्रुवारी

ढब्बू,

तीन आठवडे झाले. कागद आला नाही. बरं.

काल साहेबांनी विचारलं, "भावाचं काय झालं?" मी म्हटलं, "टपालात असेल." आमचे प्रूफवाले काका चष्म्यावरून माझ्याकडे बघून गप्प बसले. काकांचं गप्प बसणं इतरांच्या बोलण्यापेक्षा जास्त टोचतं, तुला ठाऊक आहे. तू यायचास तेव्हा त्यांच्या डब्यातलं निम्मं संपवून जायचास, तरी बोलायचे नाहीत.

तुला एकदा विचारायचं होतं ना, 'ताई, अर्धंच का छापलंस?' विचारलं नाहीस. फोन आपटलास. मग मीच सांगते.

वादाच्या माणसाची नोंद आली की साहेब खणातून सहा इंची स्टीलची पट्टी काढतात. बाजूचा मजकूर किती, विरुद्ध किती, मोजतात. फरक अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त चालत नाही. तू हसायचास या पट्टीला. पण बावीस वर्षं तिच्यामुळेच आमच्यावर कुणी बोट ठेवू शकलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही ती बरी वाटायची. डोकं शिणलं की पट्टी ठेवायची, उत्तर मिळतं.

सरांच्या नोंदीत बाजूने एकतीस ओळी आणि विरुद्ध सव्वीस भरल्या. "पाच आणा," साहेब म्हणाले. मी सरांच्या विरोधातले चाळीस लेख उपसले. सगळे एकमेकांवरून उतरवलेले. एकाने पान क्रमांक चुकीचा दिला होता, तर पुढच्या बारा जणांनी तोच चुकीचा दिलेला. त्यातल्या पाच जणांनी तरी ग्रंथ उघडून पाहिला असेल का, शंका आहे. छापण्यासारखी एक ओळ निघेना. नाकी नऊ आले माझ्या.

आणि पर्समध्ये तुझं पत्र होतं. सरांशी भांडून निघालास त्याच दिवशी लिहिलेलं, चार पानी, ठिकठिकाणी पेन कागदातून आरपार गेलेलं. 'सरांनी ते हस्तलिखित कधी पाहिलंच नाही, ताई. मी पाहिलं. अकरा महिने त्या तळघरात बसून अक्षर न् अक्षर मी उतरवलं. आणि पुस्तकात माझं नाव कुठे आहे? आभारात, टंकलेखिकेच्या खाली.'

मी दोन्ही लिहिलं होतं रे. सरांनी पाहिलं नव्हतं हेही, आणि सहायकाने पाहून नकललं होतं हेही. साहेबांनी विचारलं, "आधार काय?" मी म्हटलं, "घरातलाच आहे." मग त्यांनी दुसऱ्या वाक्यावर पट्टी ठेवली आणि विचारलं, "हे कुणाच्या बाजूचं?"

मला सांगता येईना. हस्तलिखित खरंच आहे आणि कुणीतरी ते नीट वाचलंय म्हटल्यावर ते सरांच्या बाजूचं. वाचणारा दुसराच आहे म्हटल्यावर ते विरुद्ध. साहेब म्हणाले, "कुठल्याच बाजूचं नाही ते मोजणार कसं? काढून टाका." पाच ओळी बरोब्बर भरल्या होत्या. मी काढून टाकलं. लाल पेनने, माझ्या हाताने, दुपारच्या चहाच्या आधी.

जे वाक्य तुझं होतं तेवढंच नेमकं गेलं. उरलेल्यात तू चहाडखोर झालास.

त्यानंतरचं मी लोकांकडून ऐकलं. पंथाच्या लोकांनी त्या ओळी पत्रकांवर छापून वाटल्या, तुला व्यासपीठावर हार घालायला बोलावलं. तू गेला नाहीस. विद्यापीठात तुझ्याच खोलीतल्या माणसांनी तुझ्याशी बोलणं टाकलं, तेव्हा तू शाळेच्या ग्रंथालयात गेलास. सहायक एकच होता, नाव छापायची गरजच नव्हती.

सही करून पाठव. हात जोडते.

ताई


१९ फेब्रुवारी

ढब्बू,

आज सरांकडे गेले होते. तुला आवडणार नाही, माहीत आहे. पण तू हूं की चूं करत नाहीस, मग मी तरी काय करू?

तिसरा मजला, लिफ्ट बंद. दारावर पंथाच्या लोकांनी फेकलेल्या शाईचे डाग अजून आहेत, वरून रंग दिलाय पण उतरून दिसतात. सुनेने दार उघडलं आणि मला बघून असं तोंड केलं की मी पायातली चप्पल काढायची थांबले. आतून सरांचा आवाज आला, "कोशातल्या बाई ना? येऊ दे." नोंदीच्या वेळी जायचे, तेव्हाच्या पावलांवरून ओळखलं म्हणे.

चौऱ्याऐंशी वर्षांचे झालेत. खुर्चीभोवती पुस्तकांच्या चळती, पण सगळ्यांवर धूळ. रेडिओ तेवढा स्वच्छ. मला वाटलं होतं, ओरडतील. मी मनाशी वाक्यं जुळवून गेले होते: आमच्याकडून चूक झाली, ओळी काढतोय, वगैरे. अर्धं बोलले असेन. त्यांनी हात वर केला.

"काढता कशाला? खरं आहे ते."

"सर?"

"मी नाही पाहिलं ते हस्तलिखित. दिसायला तर हवं ना. डोळे तेव्हाच गेले होते. आता तर तुम्ही नुसत्या आवाज आहात."

मी सुनेकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. म्हणजे घरात माहीत होतं. पंधरा-वीस वर्षं तो माणूस भाषणं देत होता, सही करत होता, आणि आपल्याला वाटायचं की वर बघून बोलायची त्यांची लकब आहे!

"आंधळ्याने लिहिलेला इतिहास म्हणून हसण्यावारी नेला असता लोकांनी," ते म्हणाले. "एवढं मोठं काम, आणि चर्चा माझ्या डोळ्यांची."

मग मला राग आला. वयाचा मान वगैरे गेला खड्ड्यात. मी म्हटलं, "आणि माझ्या भावाचं नाव? ते ग्रंथावर का नाही घातलंत?"

त्यांनी चाचपडत रेडिओवर हात ठेवला. नंतर म्हणाले, "नाव घातलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, तो काय करत होता. ते कळलं असतं की मग मी काय करत नव्हतो तेही कळलं असतं. त्याला सगळं माहीत होतं. भांडून गेला तेव्हाही माझ्या डोळ्यांबद्दल अवाक्षर काढलं नाही. जाताना माझा चहा करून गेला."

ढब्ब्या, मूर्खा, तू मलाही नाही सांगितलंस! त्या चार पानांत एवढे तडतडलास, पण हे नाही लिहिलंस. सर आंधळे आहेत एवढं एक वाक्य तू बाहेर टाकलं असतंस तर तुझ्याकडे कुणी बोट दाखवलं नसतं. चार वर्षं त्यांची अब्रू सांभाळलीस आणि ते तिथे रेडिओ ऐकत बसलेत.

"लिहून द्याल?" मी विचारलं.

"घ्या लिहून. नोंद आहे माझी, सत्कार नव्हे."

मी लिहिलं, वाचून दाखवलं, सुनेने त्यांचं बोट कागदावर नेऊन ठेवलं आणि त्यांनी सही केली. ओळ सोडून वर गेली सही. हस्तलिखित सहायकाने पाहिलं, सहायकाने नकललं, त्या नकलेवरच ग्रंथ उभा आहे, असं त्यांच्याच शब्दांत आहे. उतरताना जिन्यात तो कागद मी तीनदा उघडून वाचला. आनंदाने की रागाने, सांगता येत नाही.

ताई


६ मार्च

ढब्बू,

तुला वाटेल की आता सगळं मार्गी लागलं. मलाही दोन दिवस तसंच वाटलं.

सरांचा कागद साहेबांपुढे ठेवला. त्यांनी दोनदा वाचला, आणि त्यांच्या तोंडावर सुटल्याचं हसू आलं. "उत्तम! गाळलेलं वाक्य परत घालू. शुद्धिपत्रात टाकू, 'नव्याने उपलब्ध झालेल्या माहितीनुसार'. कुणाचाच दोष नाही."

मी 'हो' म्हणाले. टाइप करायलाही बसले. 'नव्याने उपलब्ध' इथवर आले आणि बोटं थांबली. नव्याने कसली? चार वर्षं माझ्या कपाटात होती ती माहिती, तुझ्या अक्षरात. असं छापलं तर लोक म्हणणार, बघा, सर मोठ्या मनाचे, त्यांनी स्वतःहून श्रेय दिलं, आणि हा सहायक मात्र जळफळाटाने अर्धंच बोलला होता. तू आहेस तिथेच राहणार.

आणि दुसरी गोष्ट. ती तुला माहीत नाही. म्हणजे संशय असेल, पण माहीत नाही.

पानं गेली नव्हती.

तू फोन केलास तेव्हा ती माझ्यासमोर टेबलावर होती. 'ताई, परवा रागाच्या भरात लिहिलं गं, यातलं काही वापरू नकोस,' असं तू म्हणालास, आणि माझा डावा कोपर त्या पानावर टेकलेला होता. मी म्हटलं, "अरे, गेली पानं." ती तीन दिवसांनी गेली. काकांच्या वहीत रवाना झाल्याची तारीख आहे. काकांना पहिल्यापासून माहीत आहे.

का केलं असं विचारशील. मी थकले होते, हे एक. अख्खी नोंद पुन्हा उघडायची, पुन्हा ते चाळीस लेख, पुन्हा साहेबांचं 'पाच आणा'. जिवावर आलं. आणि दुसरं, मला वाटलं, दोन्ही बाजू सारख्या झाल्यात ना, मग न्याय झाला. तुझं काय होईल हा विचार माझ्या मनात आलाच नाही. खरंच नाही आला. तू माझ्यासाठी त्या दिवशी भाऊ नव्हतास, विरुद्ध बाजूच्या पाच ओळी होतास. हे लिहिताना मला स्वतःची किळस येतेय.

काल साहेबांना लेखी दिलं. मूळ पत्रात पूर्ण माहिती होती. ती माझ्या हातून अर्धी छापली गेली. पत्रलेखकाने वेळेत नकार कळवूनही मी तो दडवला. शुद्धिपत्रात हेच छापा, असं.

साहेब खुर्चीत मागे रेलले. म्हणाले, "वाक्य गाळायला मीच सांगितलं, ते माझ्याकडे. पण फोन दडवलात हे छापलं तर तुमचं नाव सातही खंडांवरून काढावं लागेल. बावीस वर्षांचं काम आहे, बाई. पुढच्या वर्षी निवृत्तच होताय. कशाला?"

मी म्हटलं, "विचार करून सांगते." घाबरले, ढब्बू. घरी येऊन सातही खंड काढले आणि पहिल्या पानावरचं माझं नाव बघत बसले. तुझं नाव गेलं तेव्हा तुला काय झालं असेल ते पहिल्यांदा कळलं.

आज सकाळी जाऊन सांगितलं, छापा. त्यांनी नियमाप्रमाणे माझ्या निवेदनाची एक प्रत तुझ्याकडे पाठवली आहे. आक्षेप असल्यास वीस दिवसांत कळवावा. तुझा कशाला असेल!

ताई


२५ मार्च

माझ्या ढब्ब्या,

आज साहेबांनी बोलावलं. टेबलावर तुझं पत्र.

लांबूनच अक्षर ओळखलं. चार वर्षांनी बघत होते. मला बसायचंही सुचेना. साहेब म्हणाले, "तुमचे बंधू तर वेगळंच सांगतात. वाचा."

वाचलं. 'महोदय, माझ्या बहिणीने दिलेले निवेदन वस्तुस्थितीला धरून नाही. मी तिला असा कोणताही फोन केलेला नव्हता. वयोमानामुळे तिच्या स्मरणात गोंधळ झाला असावा. शुद्धिपत्रात तिच्याविषयी काही छापू नये, अशी विनंती आहे.'

वयोमानामुळे! तुझ्याहून चारच वर्षांनी मोठी आहे मी, मेल्या.

साहेब खिडकीकडे बघत म्हणाले, "त्यांचं मानू या का? लेखी आहे. सही आहे. सरांचा कागद आहेच, वाक्य परत येईल. तुमचं नाव राहील. माझी काही हरकत नाही." भला माणूस आहे. हे म्हणायला त्यांना किती जड गेलं असेल ते मी बघत होते. काका दारात उभे होते, हातात वही घेऊन, आत यावं की नाही अशा विचारात.

मोहात पडले का, विचार. पडले. तुझंही भलं होतंय, माझंही, आणि माझा भाऊच म्हणतोय, मग मी कोण नाही म्हणणारी? तुझी सही बघत होते. शेवटचं अक्षर अजून तसंच ओढतोस.

मग मी म्हटलं, "साहेब, माझा भाऊ खोटं बोलतोय."

जगाने तुला चार वर्षं खोटारडा ठरवलं, तेव्हा मी एकदाही 'नाही' म्हटलं नाही. आणि आज तू खरोखर खोटं बोललास ते माझ्यासाठी, आणि ते मलाच उघडं पाडावं लागलं. काकांनी आत येऊन वही उघडून ठेवली, तारखेवर बोट ठेवलं. नंतर बाहेर नेऊन मला पाणी दिलं.

शुद्धिपत्र गेलं. त्यात तू अकरा महिने तळघरात बसून काय केलंस ते आहे, आणि या वेळी तुझं पूर्ण नाव आहे. नोंद आता दोन्ही बाजूंना समान नाही. साहेबांनी मोजली नाही. माझं नाव सातही खंडांवरून निघालं. पुढच्या सोमवारपासून घरी आहे. दोन पिशव्या भरल्या, तिसरी लागली नाही. बावीस वर्षांत एवढंच साठलं होतं म्हणायचं.

दुःख झालं का? झालं. खोटं कशाला बोलू? बसमध्ये बसल्यावर झालं, घरी पोचेपर्यंत होतं, आताही आहे.

तुझ्या पत्राची मूळ प्रत फाइलला लागली. साहेबांनी मला झेरॉक्स काढू दिली. ती समोर घेऊन बसलेय. सात ओळींचं पत्र. सुरुवात 'महोदय', शेवट 'आपला विश्वासू'. माझ्यासाठी त्यात एक शब्द नाही. तरी मी ती किती वेळा वाचली असेल, तुला सांगायची लाज वाटते.

आता साहेबांना लिहायचं काही उरलं नाही. कुठली सही नको, कुठला कागद नको. मला लिही. शिव्या दे, जाब विचार, काय वाटेल ते लिही. पण वर माझं नाव घाल.

तुझी,
ताई